सवलतीच्या बदल्यात काय? बेंगळुरूतल्या कंपन्या, सरकार आणि विषमतेचा वाद

जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं आणि दोन-तीन दिवसांतच ते बासनात गुंडाळलं. खासगी आस्थापनांमधल्या व्यवस्थापकीय जागांपैकी 50 टक्के आणि इतर जागांपैकी 70 टक्के स्थानिकांसाठी राखाव्यात, अशी त्यात तरतूद होती. कंपन्या राज्याबाहेर जातील असा इशारा आयटी कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमने दिला, बेंगळुरूतल्या नामांकित उद्योजकांनी जाहीर नापसंती दाखवली आणि विषय तिथेच थांबला. सरकार कंपन्यांपुढे कसं नमतं याचा दाखला म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते. पण त्याच सरकारने मे 2025 मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे अॅपवरून काम मिळणाऱ्यांसाठी, वटहुकूम काढला, ऑगस्टमध्ये त्याचं विधेयक मंजूर करून घेतलं. कंपन्यांच्या संघटनांचे आक्षेप तेव्हाही होतेच.

त्यामुळे ‘सरकार कंपन्यांच्या खिशात आहे’ या एका वाक्यात बेंगळुरूचं प्रकरण मावत नाही. ‘सरकार उद्योगांना छळतं’ यातही मावत नाही. या शहरात सरकार आणि भांडवल ऐंशीहून अधिक वर्षं एकमेकांशी देवघेव करत आले आहेत. वाद आहे तो त्या देवघेवीच्या अटींचा, आणि अटी दोनदा बदलल्या आहेत.

पहिला करार

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बेंगळुरूला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ काढली, तेव्हा म्हैसूर संस्थान त्यात भागीदार होतं. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या आग्रहामुळे जमीन मिळाली, सोयी मिळाल्या. दोनच वर्षांत, युद्धाच्या धामधुमीत, भारत सरकारने कंपनीचा ताबा घेतला. खासगी पुढाकार, सरकारी जमीन आणि मग सरकारची मालकी, असा हा आरंभ. स्वातंत्र्यानंतर आयटीआय (1948), एचएमटी (1953), बीईएल (1954) आणि बीईएमएल (1964) असे केंद्राचे कारखाने एकामागून एक उभे राहिले.

या कारखान्यांतल्या कामगाराला पगाराबरोबर बरंच काही मिळे. आयटीआयच्या दूरवाणीनगरसारख्या वसाहतीत क्वार्टर, कंपनीची बस, कंपनीचं कँटीन, दवाखाना, मुलांना शाळा. नोकरी कायम, युनियन मजबूत. 1980 च्या डिसेंबरात या कारखान्यांतल्या सव्वा लाखाच्या आसपास कामगारांनी केंद्राच्याच ‘भेल’ कंपनीच्या बरोबरीने वेतन मिळावं म्हणून संप पुकारला. तो 77 दिवस चालला आणि फारसं काही पदरात न पडता मिटला. मुंबईच्या गिरणी संपाची आठवण मराठी वाचकाला आहे. बेंगळुरूचा हा संप त्याच्या आदल्या वर्षीचा, पण आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही.

या काळाबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. ही सुरक्षितता मोजक्यांची होती. बांधकाम मजूर, विडी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका त्या वर्तुळाच्या बाहेरच होत्या. शहराचा इतिहास लिहिणाऱ्या जानकी नायर यांच्या 2005 च्या पुस्तकात नियोजित वसाहतींच्या शहराशेजारी वाढत गेलेलं दुसरं, बिनपरवान्याचं शहर स्पष्ट दिसतं. विषमता आयटीने आणली, हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसरा करार

1981 मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस 1983 मध्ये बेंगळुरूला गेली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स 1985 मध्ये आली. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना झाली, निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ झाला आणि ही माफी मार्च 2011 पर्यंत टिकली. कर्नाटकाने 1997 मध्ये स्वतंत्र आयटी धोरण आणलं. जमीन मिळवून देण्याचं काम केआयएडीबीकडे, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या भावंडाकडे होतं. त्याचा कायदा 1966 चा. शिवाय 1946 च्या स्थायी आदेश कायद्यातून आयटी उद्योगाला सूट मिळाली. नोकरीच्या अटी लेखी आणि प्रमाणित असाव्यात, शिस्तभंगाची कारवाई ठरलेल्या पद्धतीने व्हावी, एवढंच तो कायदा मागतो. ही सूट दर काही वर्षांनी वाढवली गेली, शेवटची 2024 मध्ये.

एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना 1999 मध्ये ‘बेंगळुरू अजेंडा टास्क फोर्स’ स्थापन झाला आणि इन्फोसिसचे नंदन निलेकणी त्याचे प्रमुख झाले. मालमत्ता कराचं स्वयंमूल्यांकन या काळात आलं, महापालिकेचं उत्पन्न वाढलं. निवडून न आलेल्या लोकांनी शहराचा अजेंडा ठरवावा का, हा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. 2004 मध्ये सरकार बदललं आणि टास्क फोर्स संपला, प्रश्न राहिला.

दिल्लीतही दिशा तीच होती. वारसांवर पडणारं संपदा शुल्क 1985 मध्ये गेलं, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. सप्टेंबर 2019 मध्ये पणजीत पत्रकार परिषद घेऊन अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. त्यात वर्षाला 1.45 लाख कोटींचा महसूल सुटेल, हा अंदाज सरकारचाच.

मोजायचं कशाने?

वादाचा मोठा भाग आकड्यांतच अडकला आहे. अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि सहकाऱ्यांनी मार्च 2024 मध्ये काढलेल्या निबंधानुसार 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. उत्पन्नाचा एवढा वाटा त्यांच्या मालिकेत, म्हणजे 1922 पासून, आधी कधीच नव्हता. उलट सरकारच्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत 2022-23 ते 2023-24 या एका वर्षात विषमता मोजणारा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समता) शहरी भागात 0.314 वरून 0.284 वर, ग्रामीण भागात 0.266 वरून 0.237 वर उतरला. 2025 मध्ये तर जागतिक बँकेचा 25.5 हा गिनीचा आकडा (शंभराच्या मापात) पुढे करून भारत जगातला चौथा सर्वाधिक समतापूर्ण देश असल्याचं सरकारने जाहीर केलं.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक उत्पन्न आणि संपत्ती मोजतो, दुसरा खर्च. श्रीमंत माणूस मिळकतीचा थोडाच भाग खर्च करतो, गरीब जवळजवळ सगळा. म्हणून खर्चातली दरी नेहमी कमी दिसते. शिवाय पाहणी करणाऱ्याला अतिश्रीमंतांच्या बंगल्याचं दार सहसा उघडत नाही. दुसऱ्या बाजूने, पिकेटींच्या पद्धतीत आयकराच्या आकड्यांवरून बरेच अंदाज बांधावे लागतात आणि मोफत धान्यासारख्या लाभांची दखल पुरेशी घेतली जात नाही, हा आक्षेपही गैरलागू नाही. पण इतर देशांचे उत्पन्नाचे आकडे आणि आपले खर्चाचे आकडे शेजारी ठेवून क्रमांक लावणं मात्र मला पटत नाही. उत्पन्नाच्या मापाने आपला गिनी 2023 मध्ये 62 च्या घरात होता, याची नोंद जागतिक बँकेच्याच टिपणात आहे.

बेंगळुरूपुरतं बोलायचं तर आकड्यांची अडचण आणखी वाढते. बेंगळुरू शहर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न कलबुर्गीच्या सुमारे पाचपट आहे आणि राज्याच्या उत्पन्नात एकट्या या जिल्ह्याचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त. राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले होते, त्यातले अतिमागास 39. पण जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे तिथे निर्माण झालेल्या मूल्याची सरासरी. ती बेळंदूरच्या फ्लॅटमध्ये किती गेली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती, हे त्यातून कळत नाही.

उद्योगांच्या बाजूने

ही बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सवलती दिल्या नसत्या तर हा उद्योग इथे आलाच नसता, आणि आला नसता तर वाटायला काहीच नसतं. आयटीने लायसन्सशिवाय, वशिल्याशिवाय भांडवल उभं राहू शकतं हे दाखवलं. इन्फोसिसच्या शेअर-योजनेत साध्या कर्मचाऱ्यांनाही वाटा मिळाला. सांगली-सोलापूरच्या, बेळगाव-धारवाडच्या मध्यमवर्गीय घरांतली एक पिढी या नोकऱ्यांवर वर आली, हे आपल्या नात्यागोत्यांत डोकावलं तरी दिसेल. कामगार कायद्यांचा ताप वाढला की कंपन्या हैदराबाद-चेन्नईकडे पाहतात. सप्टेंबर 2025 मध्ये आउटर रिंग रोडवरच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या प्रमुखाने खड्डे आणि वाहतुकीला कंटाळून जागा सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या आंध्रच्या मंत्र्याने लगेच आमंत्रण धाडलं. ही स्पर्धा खरी आहे आणि तिचं ओझं राज्य सरकारवर असतं.

विषमता हा विकासाचा मधला टप्पा आहे, गरिबी घटते आहे ना ते पाहा, असंही या बाजूने म्हटलं जातं. त्यातला गरिबीचा भाग आकड्यांनी बराच सिद्ध झालेला आहे.

टीकाकारांच्या बाजूने

टीकेचा पहिला रोख वेतनावर आहे. तिला आधार सरकारच्याच कागदाने दिला. 2024-25 च्या आर्थिक पाहणीनुसार 2023-24 मध्ये मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या वाढल्या त्या दीड टक्का. जीडीपीच्या तुलनेत नफा पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर पोचला होता. आयटीतल्या फ्रेशरचा पगार दहा-बारा वर्षं वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला आहे, तर इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं 2024-25 चं वेतन 80 कोटींपुढे गेलं. ही टीका डाव्यांचीच आहे असं नाही. 2017 मध्ये खुद्द संस्थापक नारायण मूर्तींनी कंपनीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगारवाढीला जाहीर हरकत घेतली होती. बहुतेकांना 6 ते 8 टक्के देऊन वरच्याला 60-70 टक्के देणं त्यांना पटलं नव्हतं.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. अभ्यासक कॅरल उपाध्या आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत आयटीतला बहुसंख्य कर्मचारी शहरी, शिकलेल्या, वरच्या जातींतल्या घरांतून आलेला आढळला. गुणवत्तेची शर्यत आहे खरी, पण सुरुवातीची रेषा सगळ्यांची एक नव्हती.

तिसरा मुद्दा अशा कामगारांचा, ज्यांचं नाव ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हणताना कुणाच्या तोंडी येत नाही. म्हैसूर रोड, पीण्या, बोम्मनहळ्ळी इथल्या गारमेंट कारखान्यांत बहुसंख्य बायका आहेत. एका लाइनमध्ये प्रत्येकीच्या वाट्याला एकच क्रिया: कुणी कॉलर लावते, कुणी बाही जोडते, कुणी काज करते. तासाचं टार्गेट फळ्यावर लिहिलेलं, सुपरवायझर मागे उभा. काही वर्षं काम करून नोकरी सोडायची, पीएफ काढायचा आणि त्यातून मुलीचं लग्न, शाळेची फी किंवा सावकाराचं देणं भागवायचं, ही या बायकांची बँकिंग व्यवस्था. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम बदलला: मालकाच्या हिश्शाची रक्कम 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. 18 आणि 19 एप्रिलला हजारो बायका कारखान्यांतून बाहेर आल्या आणि होसूर रोड अडवून बसल्या. हाक कुठल्या एका युनियनने दिली नव्हती. दगडफेक झाली, गाड्या जळल्या, लाठीमार झाला. 19 तारखेलाच केंद्रीय कामगारमंत्र्यांनी नियम मागे घेतला. आयटीच्या चकचकीत इमारतींसमोरचा रस्ता त्या दोन दिवसांत अडला होता, म्हणून दिल्लीला एवढ्या लवकर ऐकू आलं, असं अनेकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं.

डिसेंबर 2020 मध्ये कोलारजवळच्या नरसापूरला आयफोन जुळवणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या वेतनावरून तोडफोड झाली. उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून सरकार पैसे देत असताना कंत्राटदाराकडून आलेल्या कामगाराचा पगार कोण तपासतो, हा प्रश्न तिथे उघड्यावर आला. अॅपलने विस्ट्रॉनला नवी कामं देणं काही काळ थांबवलं. 2023 मध्ये तो कारखाना टाटांकडे गेला.

जमीन आणि महापालिका

या दोन बाजूंपेक्षा वेगळं म्हणणारा तिसरा गट आहे आणि मला त्याचं म्हणणं सगळ्यात कमी ऐकलं गेलेलं वाटतं. या गटाच्या मते बेंगळुरूतली विषमता पगारापेक्षा जमिनीतून जास्त तयार होते. अभ्यासक मायकल गोल्डमन यांनी 2011 मध्ये बेंगळुरूचं वर्णन सट्ट्यावर चालणारं शहर असं केलं; सॉलोमन बेंजामिन यांनी छोट्या वस्त्या, स्थानिक नगरसेवक आणि किरकोळ धंद्यांची अर्थव्यवस्था मोठ्या प्रकल्पांखाली कशी दबते ते दाखवलं.

व्यवहारात हे असं दिसतं. शेतजमिनीवर बिनशेती परवान्याशिवाय पाडलेल्या ‘रेव्हेन्यू साइट’वर घर बांधलेल्या माणसाच्या हाती ‘बी खाता’, म्हणजे पालिकेची दुय्यम नोंद, पडतो. कर तो भरतो, पण बँका सहजी कर्ज देत नाहीत आणि घर विकताना भाव पडतो. 30 ऑगस्ट 2022 च्या पुरात आउटर रिंग रोड बुडाला, तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने एका दिवसात 225 कोटींचं नुकसान झाल्याचं कळवलं आणि मग राजकालुवे, म्हणजे तलावांना जोडणारे जुने नाले, मोकळे करायला बुलडोझर निघाले. छोट्या घरांवर ते लगेच चालले. मोठ्या बांधकामांपाशी स्थगिती आदेश आडवे आले. 2013 च्या जानेवारीत एजीपुऱ्यातली दुर्बल घटकांची क्वार्टर्स पाडली गेली, हजारो लोक रस्त्यावर आले. त्यामागचा करार महापालिका आणि एका खासगी विकासकाचा होता आणि अर्धी जागा व्यापारी वापरासाठी ठरली होती.

हे सगळं ठरवणारं सभागृह मात्र रिकामं राहिलं. महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं निवडणूकच झाली नाही. 2025 मध्ये पालिका मोडून ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका केल्या गेल्या. हिंजवडीच्या आयटी पार्कचं भलंमोठं ओझं वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीवर पाहिलेल्या पुणेकराला यात नवल वाटणार नाही.

भरपाईचे प्रयोग

2023 नंतर राज्याने वेगळा रस्ता धरला. महिलांना मोफत बसप्रवास, कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा 2,000 रुपये, 200 युनिटपर्यंत मोफत वीज, मोफत धान्य, बेरोजगार पदवीधरांना भत्ता: पाच ‘गॅरंटी’, 2024-25 मध्ये तरतूद सुमारे 52,000 कोटी. महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’च्या आधीचा हा प्रयोग. गारमेंटमधल्या बाईचा बसखर्च यामुळे वाचला, हे निर्विवाद. पण भांडवली खर्चाला कात्री लागते ही तक्रारही खरी आहे. आणि त्याच शहरात फेब्रुवारी 2025 मध्ये मेट्रोचं कमाल भाडं 60 वरून 90 रुपयांवर गेलं.

कंपन्यांकडून होणाऱ्या भरपाईचं एक रूप म्हणजे दानधर्म. अझीम प्रेमजी फाउंडेशनने 2024 मध्ये तीन वर्षांसाठी 1,591 कोटी रुपये देऊ केले आणि सरकारी शाळांत आठवड्याला दोनऐवजी सहा दिवस अंडी मिळायची सोय झाली. चांगलंच झालं. तरी पोराच्या ताटातलं अंडं कराच्या पैशातून यावं की देणगीतून, यावर अभ्यासकांत एकमत नाही. देणगी थांबू शकते, हा एका बाजूचा मुद्दा. कराच्या पैशातून ती वाढीव अंडी इतकी वर्षं आलीच नव्हती, हा दुसरीचा.

दुसरं रूप कायद्याचं. कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या डार्क स्टोअरबाहेर, म्हणजे ऑनलाइन किराण्याच्या गोदामाबाहेर, ऑर्डरची वाट पाहणाऱ्या पोराचा दर अंतरावर, वेळेवर आणि इन्सेंटिव्हच्या टप्प्यावर ठरतो. पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, गाडीचा हप्ता त्याचा. ग्राहकाने तक्रार केली आणि आयडी ब्लॉक झाला तर भांडायला समोर माणूस नसतो. कर्नाटकच्या कायद्याने काढून टाकण्याआधी कारणासह 14 दिवसांची नोटीस, तक्रार निवारण आणि कामगाराला दिलेल्या रकमेच्या 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क अशा तरतुदी केल्या. कामगार संघटनांना किमान वेतन आणि ‘कर्मचारी’ हा दर्जा हवा होता, तो मिळाला नाही. कंपन्यांना अल्गोरिदमची माहिती द्यायची नव्हती, ती काही प्रमाणात द्यावी लागेल.

अजून काय मोकळं आहे

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत. राज्याचं शुल्क आणि केंद्राचं अंशदान एकमेकांत कसं बसायचं, यावर कज्जे होतील अशी लक्षणं आहेत. स्थायी आदेशांचा उंबरठा नव्या संहितेत 300 कामगारांवर गेल्याने आयटीच्या सवलतीचा जुना वादही नव्याने मांडावा लागेल. शहर पातळीवर उत्पन्न आणि मालमत्तेची विश्वासार्ह पाहणी झाल्याशिवाय यातल्या कुठल्या उपायाने दरी किती बुजली हे कुणालाच दाखवता येणार नाही; नव्या पाच महापालिकांकडे मालमत्ता कराच्या नोंदी आहेत, तिथून सुरुवात करता येईल.

जमिनीचं सगळ्यात ताजं प्रकरण विमानतळाजवळचं. देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत, म्हणजे महसूल मंडळात, संरक्षण आणि विमान उद्योगासाठी 13 गावांतली 1,777 एकर जमीन घ्यायचं ठरलं होतं. शेतकऱ्यांनी 2022 पासून तीन वर्षांहून अधिक काळ धरणं धरलं आणि 15 जुलै 2025 ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी संपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. ज्यांना स्वखुशीने द्यायची आहे त्यांना जादा मोबदला मिळेल, असंही ते म्हणाले, कारण विकायला तयार असलेले शेतकरीही तिथे होते. खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधितांची संमती मागणारा 2013 चा केंद्रीय कायदा केआयएडीबीच्या संपादनाला लागू होत नाही. जमीन सुटली ती आंदोलनामुळे आणि मुख्यमंत्र्यांच्या निर्णयाने. 1966 च्या कायद्याच्या ज्या कलमांखाली ती घेतली जात होती, ती जशीच्या तशी आहेत.